नाहीची तार

जरा डोळे मिट. मिटलेस? आता अशी कल्पना कर, की तुझ्यासमोर कुणीतरी बोलतंय, पण त्याच्या प्रत्येक शब्दातलं एखादं अक्षर कुणीतरी खोडरबरानं पुसून टाकलंय. शाळेत 'गाळलेल्या जागा भरा' असतं ना, तसंच. फक्त इथं वही नाही, विचार करायला वेळ नाही, आणि समोरचं माणूस उत्तरासाठी तुझ्या तोंडाकडे बघत उभं आहे. एक जागा भरेपर्यंत पुढच्या चार येतात. सकाळी दूधवाल्यापासून सुरुवात होते, आणि संध्याकाळी डोकं असं जड होतं, की कुणी काहीही विचारलं तरी 'हो' म्हणून सुटका करून घ्यावीशी वाटते. 'नाही' म्हणायची सोय नसते, कारण 'नाही' म्हटलं की माणसं 'का?' विचारतात, आणि मग पुन्हा गाळलेल्या जागा. 'हो' म्हटलं की माणसं हसतात आणि निघून जातात. एवढं तुला कळलं असेल तर डोळे उघड. आता तू मास्तरांना ओळखतोस किंवा ओळखतेस.

मास्तर शाळेतले नव्हेत. कपडे शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी शिलाईयंत्रं दुरुस्त केली. दोनशे यंत्रं एका छताखाली एकदम चालत, आणि त्यांच्यामधून मास्तर खिशात लांब स्क्रूड्रायव्हर खोचून फिरत. यंत्रातून दोरा किती ताणून सोडायचा, यालाच कारखान्यात टेन्शन म्हणत. वरच्या दोऱ्याचं आणि खालच्या दोऱ्याचं टेन्शन सारखं असलं, की टाका कापडाच्या बरोबर मधोमध बसतो. मास्तर दोरा अंगठ्याखालून एकदा ओढून बघत आणि स्क्रू पाव आटा फिरवत, की झालं. म्हणून यंत्रावर बसणाऱ्या बायका एकमेकींना म्हणत, ‘‘तू कशाला टेन्शन घेतेस? मास्तरांना दे.’’ टेन्शनमास्तर हे नाव तिथूनच पडलं आणि कारखाना सुटल्यावरही चिकटून राहिलं. त्या दोनशे यंत्रांनी मास्तरांच्या कानातून एकेक गोष्ट नेली, इतकी हळूहळू, की त्यांना पत्ताच लागला नाही. आधी पक्षी गेले. मग किल्ल्यांची खुळखुळ, दारावरची बेल, कुकरची शिट्टी. मग शब्दांतले स आणि फ, मग च आणि त. जाड आवाज तेवढे उरले: ट्रक, वरच्या मजल्यावर सरकवलेलं कपाट, लांबची ढगांची गडगड. बायको होती तोवर ती मध्ये उभी राहायची. दुसऱ्यांचं बोलणं त्यांच्याकडे तोंड करून, हळू, पुन्हा एकदा बोलायची. आपल्याला किती कमी ऐकू येतं, हे मास्तरांना ती गेल्यावर कळलं. लेकीनं कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. त्यानं स आणि फ परत आले, पण स्टीलच्या ताटल्या जमिनीवर आपटाव्यात तसे आले. तिसऱ्या दिवशी ते यंत्र डबीत गेलं आणि डबी खणात.

सोमवारी संध्याकाळी लेक आपल्या मुलीला न्यायला आली, ती दारातच थांबली. नात रोज शाळा सुटल्यावर आजोबांकडे यायची आणि आई कामावरून येईपर्यंत तिथं असायची. हा तीन तासांचा तुकडा मास्तरांच्या दिवसातला एकुलता एक भरलेला तुकडा होता. लेक त्यांच्या अगदी समोर आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘‘बाबा, हिनं बासरी सोडली. शाळेतल्या बासरीच्या वर्गातून नाव काढून घेतलं. म्हणते, आजोबांना विचारलं, ते हो म्हणाले.’’ मास्तर नातीकडे बघायला लागले. नात बुटाच्या नाडीकडे बघत होती. ‘‘म्हणालात तुम्ही हो?’’ मास्तर यावरही हो म्हणणार होते. मग त्यांना आठवलं. गुरुवारी, नाही, शुक्रवारी, ती जेवणाच्या टेबलाशी उभी राहून काहीतरी बोलली होती. त्यांच्यापर्यंत जे पोचलं ते असं: बा, री, ओ, ली, आणि शेवटी 'आलेल का'. त्यांनी घाईघाईनं जागा भरल्या होत्या: बाहेर खेळलं तर चालेल का? आणि ते म्हणाले होते, ‘‘हो हो, खुशाल!’’ नंतर ती खेळायला गेलीच नाही, खिडकीशी बसून राहिली, याचं त्यांना जरासं नवल वाटलं होतं. तेवढंच.

लेक आवाज चढवून बोलत नव्हती. चढवला असता तर बरं झालं असतं. ती दमलेली होती, कामावरून आलेल्या माणसाची साधी दमणूक, आणि मास्तरांना तिच्या डोळ्यांखाली तिची आई दिसली. ‘‘आज बासरी सुटली,’’ ती म्हणाली, ‘‘उद्या हिनं 'गॅस पेटवू का' विचारलं, तर? 'एकटी रस्ता ओलांडू का' विचारलं, तर?’’ मग तिनं सांगितलं, की तिच्या ऑफिसजवळ एक वर्ग आहे, शाळा सुटलेल्या मुलांना सहापर्यंत तिथं सांभाळतात, आणि तिनं चौकशी केली आहे. शुक्रवारपर्यंत तिथं कळवायचं आहे. मास्तरांनी हे सगळं ऐकलं. जे ऐकायला नको असतं ते नेमकं गाळलेल्या जागांशिवाय येतं.

मंगळवारी ते दुपारची वाट बघत घरात बसू शकले नाहीत. मागच्या गल्लीत वाद्यांचं एक दुकान होतं. त्यावरून ते हजारदा गेले असतील आणि दुकान त्यांच्या दृष्टीनं मुकं होतं. त्या दिवशी त्यांच्या बुटांच्या तळव्यांतून काहीतरी वर आलं. एक आवाज, जाड, सावकाश, कडांना कुठंही न कुरतडलेला. तो बरगड्यांपर्यंत चढला, तिथं थोडा वेळ राहिला आणि मग गेला. मास्तर थांबले. कित्येक वर्षांत एखादी गोष्ट अशी सबंध त्यांच्यापर्यंत आली नव्हती. ते आत गेले. काउंटरमागची बाई मांडीवर एक लांब मानेची, चार तारांची गिटार घेऊन बसली होती. ‘‘हे काय आहे?’’ ‘‘बेस गिटार. कुणासाठी हवी?’’ मास्तर म्हणाले, ‘‘हो.’’ बाई हसली. तिचा आवाज घोगरा होता, म्हणून पुढचं सगळं स्वच्छ कळलं. ‘‘हो कोण? नात की नातू?’’ मास्तरांना हसू आलं, आणि लाजही वाटली. सगळ्यात स्वस्त द्या, असं त्यांनी सांगितलं तेव्हा तिनं कोपऱ्यातला एक खोका पायानं पुढं सरकवला. ‘‘हिच्याहून स्वस्त खेळण्यांच्या दुकानात मिळेल. पण नीट ऐका. एवढ्या पैशांत गिटार मिळते, वाजेल अशी बसवून मिळत नाही. ती तुम्हाला बसवून घ्यावी लागेल.’’ बसवणं! एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? बाईनं एका चिठ्ठीवर चार तारांची चार अक्षरं लिहून ती खोक्यात टाकली, आवाज मोठा करणारा एक जुना लहान स्पीकर वापरून परत आणा म्हणून दिला, आणि दार उघडून धरलं.

नात दुपारी आली तेव्हा खोका उघडा होता. तिनं दप्तर न काढताच खाली वाकून बघितलं. काहीतरी म्हणाली. मास्तरांनी सवयीनं मान हलवली, आणि मान हलवता हलवताच त्यांना शुक्रवार आठवला आणि मान मध्येच थांबली. ती हलवलेली होती की नव्हती, ते दोघांनाही कळलं नाही. गिटार तिच्या मांडीवर ठेवल्यावर तिचं टोक खिडकीच्या गजाला लागलं. तिनं जाड तारेवर बोट ठेवलं आणि दाबलं. तार खाली जाईचना. तारा मानेपासून इतक्या उंच बसवल्या होत्या, की खालून पेन्सिल गेली असती. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी दाबल्यावर ती कशीबशी टेकली, आणि मास्तरांनी छेडल्यावर तिच्यातून भुंगा अडकल्यासारखा आवाज निघाला. नातीनं हात मागं घेतला. बोटाच्या कडेला बारीक लाल रेघ उठली होती, कारण मानेवर आडव्या बसवलेल्या तारांचे तुकडे, ज्यांना पडदे म्हणतात, कडेला करवतीसारखे बाहेर आले होते. स्पीकर लावला तर त्यातून नुसती घूं अशी घरघर. लेक संध्याकाळी ते सगळं बघून म्हणाली, ‘‘परत घेतात ना, बाबा?’’ एवढंच. रागावली नाही.

बुधवारी सकाळी मास्तरांनी पथारी पसरली. जुनं चादरीचं कापड, त्यावर गिटार उताणी, शेजारी अवजारांचा पत्र्याचा डबा. त्यांनी मानेवर डोळा लावून टोकापर्यंत बघितलं. मान धनुष्यासारखी वाकली होती. डोक्याकडच्या झाकणाखाली मानेतल्या सळईचा नट सापडला. ही सळई आवळली की मान सरळ होते, हे कुणी न सांगता हाताला कळलं. पण लाकूड म्हणजे लोखंड नव्हे. त्यांनी पाव आटा फिरवला आणि हात काढून घेतला. कारखान्यात नवशिक्यांना ते हेच शिकवत: पाव आटा फिरव, मग थांब, यंत्राला विचार करू दे. नवशिके कंटाळत. मास्तरांना मात्र त्या थांबण्यातच सगळं सुख वाटायचं. एक कानस कापडात गुंडाळून त्यांनी पडद्यांच्या कडा घासल्या, एकवीस इकडे, एकवीस तिकडे, आणि प्रत्येक कडेवरून आधी स्वतःच्या मनगटाची मऊ बाजू फिरवून बघितली. बोटांच्या कातडीवर त्यांचा भरवसा नव्हता, ती केव्हाच निबर झाली होती. खालच्या बाजूला, जिथं तारा टेकतात त्या घोडीवर आठ इवलेसे स्क्रू होते. एकाचे आटे गेले होते. डब्यात चाळीस वर्षांचे स्क्रू होते, त्यांतला बॉबिनच्या झाकणाचा एक बरोबर बसला. दुपारी दोनच्या सुमारास त्यांना जाणवलं, की सकाळपासून ते थकलेले नाहीत. मग लगेच थकवा आला, जणू त्याला कुणी नावानं हाक मारली होती.

नात आली आणि मांडी घालून समोर बसली. मास्तर तेव्हा स्क्रूड्रायव्हरचं टोक गिटारच्या लाकडावर टेकवून, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून बसले होते. तिनं त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारली. ‘‘काय करताय?’’ हे ओठांवरून कळलं. ‘‘यंत्राचं पोट तपासतोय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘कानानं ऐकलं तर सगळ्या कारखान्याचा गोंगाट ऐकू येतो. हाडानं ऐकलं तर एकट्या त्या यंत्राचं दुखणं.’’ त्यांनी तार छेडली आणि मूठ तिच्या कानामागं लावली. तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं स्वतः छेडली. मग पुन्हा. तार कुठल्या पडद्यावर खरखरते ते दोघांनी मिळून शोधलं. घरघर आत सुटलेल्या एका वायरीची होती, ती त्यांनी कथलाचा डाग देऊन जोडली. डागाचा धूर वर जात असताना नात काहीतरी बोलली, खाली मान घालून, आणि मास्तरांना एकही अक्षर मिळालं नाही. 'हो' ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं, पण त्याऐवजी काय म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून ते वायरीकडेच बघत राहिले. साधं वाक्य होतं: मला ऐकू आलं नाही. चार शब्द. एकतीस वर्षांत आणि त्यानंतरच्या नऊ वर्षांत ते त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. कारखान्यात बहिरा कारागीर म्हणजे यंत्राचं दुखणं न कळणारा कारागीर. मास्तरांनी तिथं मान हलवायला शिकून घेतलं, आणि पुढं मान आपोआप हलत राहिली.

गुरुवारी त्यांनी आणखी पाव आटा दिला, तारा घोडीवर खाली उतरवल्या आणि चारही खुंट्या पिळल्या. अंगठ्याखाली एकेक तार ओढून बघितली. जाड तार सैल, बारीक ताठ. पुन्हा पिळल्या. शेवटी चारही तारा अंगठ्याला अगदी सारख्या लागल्या, वरच्या आणि खालच्या दोऱ्यासारख्या. बाईची चिठ्ठी खोक्यातच पडून होती. त्यावरची अक्षरं तारांच्या मापांची असणार, अशी त्यांची समजूत होती. नात आल्यावर त्यांनी गिटार तिच्या मांडीवर ठेवली, नव्या यंत्रावरचं कापड काढावं तशी. आता तार एका बोटानं दबत होती. तिनं एकामागून एक चारही छेडल्या, आणि तिचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. ‘‘काय झालं?’’ ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, ‘‘बेसूर.’’ ‘‘अगं, चारहींचं टेन्शन सारखं आहे! मी बघितलंय.’’ ‘‘टेन्शन सारखं असेल, आजोबा. सूर सारखं टेन्शन घेत नाहीत.’’ मग तिला खोक्यात चिठ्ठी सापडली. त्यावर चार तारांच्या सुरांची नावं होती. ती वाचून तिनं दप्तराच्या तळातून, वह्यांच्या खालून, मोज्यात घातलेली बासरी काढली.

मास्तरांना तिचे गाल दिसले, भोकांवरची बोटं दिसली. आवाज नाही. खोलीत फक्त पंख्याचं पातं फिरत होतं, तेही मुकं. ती फुंकत होती आणि डाव्या अंगठ्यानं खूण करत होती: वर. मास्तर खुंटी पिळत होते. वर. अजून वर. थांबा. किंचित खाली. तार मात्र त्यांना ऐकू येत होती, बरगड्यांत. बासरीचा बारीक सूर त्यांना गाठता येत नव्हता आणि तारेच्या जाड सुराशी त्याची सोयरीक तिच्या कानात जुळत होती. ते फक्त हात होते. असं नुसतं हात होऊन राहणं किती हलकं असतं! चौथी तार लागल्यावर नातीनं बासरी खाली ठेवली आणि जवळ सरकली. त्यांच्या कानाशी नव्हे, तोंडासमोर. ‘‘मी एकदा फुंकलंच नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘इथंच. नुसती बोटं हलवली, शेवटपर्यंत. आणि तुम्ही म्हणालात, वा!’’ ती रडवेली नव्हती. हे तिनं बरेच दिवस जपून ठेवलं होतं, आणि आता एखादा खडा खिशातून काढून टेबलावर ठेवावा तसं ठेवलं. ‘‘म्हणून मी विचारलं, सोडू का. मला वाटलं, आता तरी तुम्ही नाही म्हणाल.’’ मास्तरांना प्रत्येक अक्षर ऐकू आलं. ते उठले, खणातली डबी काढली आणि टेबलावर ठेवली. उघडली नाही. तेवढंच त्या दिवशी जमलं.

शुक्रवारी नातीनं नियम केला. मास्तर बोलून खोटं बोलतात, म्हणून त्यांनी बोलायचं नाही. गिटार त्यांच्या मांडीवर. ती विचारेल, त्यांनी तारेनं उत्तर द्यायचं. ‘‘सगळ्यात जाड तार म्हणजे हो. सगळ्यात बारीक म्हणजे ऐकू आलं नाही. बारीक वाजली की मी परत विचारीन, जाड आवाजात. कितीदाही.’’ ‘‘कितीदाही? कंटाळशील.’’ ‘‘तोंडानं नाही, आजोबा! तारेनं!’’ पहिल्या पाच प्रश्नांना मास्तरांचं बोट आपोआप जाड तारेवर गेलं. सहाव्या वेळी ती पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि मास्तर जाड तारेवर बोट ठेवून थांबले. पाव आटा. त्यांनी बोट उचललं, बारीक तारेवर नेलं आणि छेडलं. सूर लहान होता. छातीत कुठंतरी फार दिवस आवळलेला एक नट पाव आटा सैल झाला. नात वळली आणि टाळ्या वाजवत म्हणाली, ‘‘बरोबर! मी काही बोललेच नव्हते!’’

बेल कधी वाजली ते मास्तरांना कळलं नाही. नात दाराकडे पळाली तेव्हा कळलं. लेक आत आली, पिशवी खाली ठेवली आणि वाकून चपला काढता काढता, जमिनीकडे बघतच, काहीतरी म्हणाली. लांब वाक्य होतं. शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न होता. मास्तरांच्या तोंडात 'हो' तयार होतं, गुळगुळीत, वर्षानुवर्षं वापरलेलं. लेक दिवसभर काम करून आली होती, 'हो' म्हटलं असतं तर तीही सुटली असती आणि तेही. त्यांचा हात मांडीवरच्या तारांवर होता. त्यांनी बारीक तार छेडली.

लेकीनं मान वर केली. ‘‘हे काय?’’

‘‘आजोबांना ऐकू आलं नाही,’’ नात म्हणाली. ‘‘परत विचार. त्यांच्यासमोर येऊन, जाड आवाजात. आणि चिडायचं नाही, नियम आहे.’’

लेक एका पायात चप्पल तशीच ठेवून उभी राहिली. ती वडिलांकडे बघत होती, मग टेबलावरच्या डबीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. मग ती पुढं आली, त्यांच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली, लहानपणी बसायची तशी, आणि सावकाश, खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘मी विचारलं, बाबा, की मी त्यांना आज कळवून टाकते. सोमवारपासून हिला त्या वर्गात घालते. चालेल का?’’

एकही जागा गाळलेली नव्हती. मास्तरांनी जाड तारेकडे बघितलं. बारीक तारेकडे बघितलं. मधल्या दोन तारांना अजून कुणी काही अर्थ दिलेला नव्हता.

‘‘बाईसाहेब,’’ ते नातीला म्हणाले, ‘‘यात 'नाही'ची तार कुठली?’’

नातीनं क्षणभर विचार केला. मग ती गुडघ्यांवर सरकत आली, आजोबांचं निबर बोट आपल्या दोन्ही हातांत धरलं, आणि जाड तारेच्या शेजारच्या तारेवर नेऊन ठेवलं.